अँटीव्हायरसने उचललेला सर्व्हर

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याचे संगणक मी गेली सहा वर्षे सांभाळतो. शेडमध्ये माग, त्यामागे शिलाई विभाग आणि पुढे तीन टेबलांचे ऑफिस असा हा मध्यम आकाराचा कारखाना आहे. ऑफिसातल्या लोखंडी कपाटाशेजारी एक जुना डेस्कटॉप ठेवलेला असून तिथे सगळे त्यालाच ‘सर्व्हर’ म्हणतात. कोणत्या मागावर कोणी किती नग काढले, शिलाईकडे किती डझन गेले आणि त्यावरून कोणाचा किती पगार निघतो, याची नोंद ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम त्यावर दिवसरात्र चालतो. शेडमधल्या टॅब्लेटवरून जॉबर (मागांवर देखरेख करणारा मुकादम) आकडे भरतो आणि ऑफिसातल्या दोन संगणकांच्या ब्राउझरमध्ये ते दिसतात. मालकांच्या ओळखीतल्या, सध्या पुण्यात नोकरी करणाऱ्या एका तरुणाने हा प्रोग्रॅम पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहून दिला आहे.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी साडेआठला मुनीमजींचा फोन आला. “सर, सर्व्हर चालू होईना झालाय. पहाटे लाईट गेली होती, तेव्हापासनं बंदच आहे बघा.” शनिवारी पगार वाटायचा असतो, त्यामुळे चहा अर्धा टाकून मी जुळे सोलापूरहून निघालो. पोहोचेपर्यंत तिथे तीन उपाय करून झाले होते. संगणक चार वेळा बंद करून चालू केला होता, नेटवर्कवरून होणारी ये-जा अडवणारी विंडोजची फायरवॉल पूर्ण बंद केली होती आणि पेनड्राइव्हवरून प्रोग्रॅम दोनदा पुन्हा टाकून पाहिला होता. यातला पहिला उपाय निरुपद्रवी होता, दुसरा धोक्याचा होता आणि तिसऱ्यातूनच मला पुढचा सुगावा मिळाला.

अशा सर्व्हरपर्यंत पोहोचता येत नाही अशी तक्रार आली की मी आधी एकच गोष्ट पाहतो: प्रोग्रॅम चालू आहे का, आणि असल्यास तो आपल्या पोर्टवर, म्हणजे जोडणीसाठी ठरलेल्या क्रमांकाच्या दारावर, ऐकतो आहे का? कमांड विंडोत ‘नेटस्टॅट’ चालवले की उघड्या पोर्टांची यादी मिळते. यादीत आपला पोर्ट असेल, त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये पान उघडत असेल आणि शेजारच्या संगणकावर उघडत नसेल, तरच फायरवॉलचा विचार करण्यात अर्थ आहे. त्यातही एक खोच आहे. विकत घेतलेल्या अनेक अँटीव्हायरसमध्ये स्वतःची फायरवॉल असते आणि ती बसली की विंडोजच्या फायरवॉलचा कारभार तिच्याकडे जातो, त्यामुळे आपण विंडोजमध्ये कितीही नियम लिहिले तरी त्यांना कोणी विचारत नाही. पण या संगणकावर तो पोर्ट यादीतच नव्हता. दुकानाचे शटरच उघडलेले नसेल, तर रस्त्यावरचा अडथळा हटवून गिऱ्हाईक आत कसे येणार? मी फायरवॉल लगेच पुन्हा चालू केली.

मग विंडोजच्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. सिस्टिमच्या नोंदींत ७००० क्रमांकाची नोंद होती: सेवा (विंडोज पडद्यामागे आपोआप चालवते तो प्रोग्रॅम) सुरू होऊ शकली नाही, कारण दिलेली फाइल सिस्टिमला सापडत नाही. हा विंडोजचा त्रुटी क्रमांक २. प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये पाहिले, तर सेटिंगची फाइल होती, डेटाबेस होता, चित्रे होती. फक्त मुख्य प्रोग्रॅमची ‘ईएक्सई’, म्हणजे चालवायची, फाइल नव्हती. मुनीमजी म्हणाले, “आत्ताच तर टाकली की हो पेनड्राइव्हवरनं.” मी त्यांच्यासमोर पेनड्राइव्हवरून ती फाइल पुन्हा कॉपी केली. हिरवी पट्टी भरली, फोल्डरमध्ये फाइलचे नाव आणि चिन्ह उमटले. मी हात माउसवरून काढून घेतला आणि दोघेही पडद्याकडे बघत राहिलो. चार-पाच सेकंदांनी यादी ताजी करायला एफ-५ दाबले, तर फाइल नाही. कोणतीही सूचना नाही, आवाज नाही, चौकट नाही.

सूचना का आली नाही, याचे उत्तर लाजिरवाणे आहे. अँटीव्हायरस नूतनीकरणाच्या जाहिराती सारख्या दाखवतो म्हणून काही महिन्यांपूर्वी ऑफिसातल्या मुलाने त्याच्या सगळ्या सूचना बंद करून टाकल्या होत्या, आणि हे मला माहीत असूनही मी त्या परत चालू करायचे विसरलो होतो. अँटीव्हायरसचा इतिहास उघडल्यावर सगळा उलगडा झाला. रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी व्हायरसच्या नव्या व्याख्या, म्हणजे त्यांना ओळखण्याच्या खुणा, उतरल्या होत्या. पहाटे लाईट गेली, यूपीएसचा दम संपला, लाईट आल्यावर सहाच्या सुमारास संगणक चालू झाला, विंडोजने सेवा सुरू करण्यासाठी फाइल उघडली आणि त्याच क्षणी अँटीव्हायरसने ती ट्रोजन (साळसूद रूपात आलेला घातक प्रोग्रॅम) ठरवून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइलींच्या कोठडीत, टाकली. त्याखाली आणखी तीन नोंदी होत्या: दोन पेनड्राइव्हच्या उपायांच्या आणि एक आत्ताच्या माझ्या प्रयोगाची. म्हणजे लाईटचा संबंध इतकाच की तिच्यामुळे फाइल नव्याने उघडली गेली; संगणक चालू राहिला असता, तर हाच गोंधळ कदाचित पुढच्या आठवड्यात, वेगळ्याच दिवशी झाला असता आणि त्याचा दोष वेगळ्याच कशाला तरी दिला गेला असता.

ज्यांच्याकडे डिफेंडर हा विंडोजचाच अँटीव्हायरस आहे, त्यांनी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज डिफेंडरची ‘ऑपरेशनल’ नोंदवही पाहावी. तिथे १११६ म्हणजे काहीतरी सापडले, १११७ म्हणजे त्यावर कारवाई झाली आणि ५००७ म्हणजे कोणीतरी डिफेंडरची मांडणी बदलली. ११२३ क्रमांकाची नोंद दिसली तर प्रकरण निराळे असते: प्रोग्रॅम शाबूत असतो, चालूही होतो, पण संरक्षित फोल्डरमध्ये लिहायला त्याला मज्जाव केलेला असतो, आणि मग सर्व्हर चालू दिसत असूनही एकही नोंद साठत नाही. कधीकधी फाइल जागेवर असते, पण चालवायला गेल्यावर त्रुटी २२५ येते. तिचा अर्थच असा की फाइलमध्ये व्हायरस आहे असे मानून काम थांबवले आहे. त्रुटीचा आकडा न वाचता ‘एरर येतोय’ एवढेच फोनवर सांगणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की आकड्याचा फोटो पाठवावा.

आता कारखान्याचे मालक आले. ते तेलुगू भाषक पद्मशाली समाजातले, तिथले सगळे जण त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि सरळ म्हणाले, “मग तो अँटीव्हायरसच काढून टाका की. आपलाच प्रोग्रॅम, आपलाच पोरगा लिहिलेला. त्यात काय व्हायरस असणारे?”

अण्णांचा प्रश्न चुकीचा नव्हता, पण त्यातले गृहीतक मला मान्य नव्हते. शहरातल्या एका छापखान्यात काही वर्षांपूर्वी मला बोलावले होते. तिथे एका डिझाइनच्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत बसवताना अँटीव्हायरसने परवान्याची अट चुकवणारा ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ पकडला होता. बसवणाऱ्याने तो खोटा गजर ठरवला आणि पुन्हा कटकट नको म्हणून संपूर्ण सी ड्राइव्ह तपासणीतून वगळून टाकला. अँटीव्हायरस हिरवा टिळा दाखवत राहिला आणि दोन महिन्यांनी छापखान्याच्या सगळ्या फाइलींची नावे बदललेली, आत खंडणीची चिठ्ठी ठेवलेली, अशी अवस्था झाली. लग्नपत्रिकांच्या अनेक वर्षांच्या डिझाइनपैकी एकही परत मिळाले नाही. तिथे मला शिकायला मिळाले ते हे की ‘खोटा गजर’ हा निष्कर्ष असला पाहिजे. तो सुरुवातीचा समज असून चालत नाही. ‘आपलाच पोरगा’ हा पुरावा होत नाही. २००९ च्या ऑगस्टमध्ये ‘इंडक’ नावाचा व्हायरस उघडकीस आला होता, तो डेल्फी या प्रोग्रॅमिंगच्या साधनातच घुसत असे, आणि त्या साधनावर प्रामाणिक माणसाने तयार केलेला प्रत्येक प्रोग्रॅम जन्मतःच संसर्ग घेऊन बाहेर पडे. लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीच्या ‘एसव्हीसीहोस्ट’ या विंडोजच्याच मूळ फाइलला व्हायरस ठरवले होते आणि जगभरातले असंख्य संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले होते. जिथे विंडोजची स्वतःची फाइल सुटली नाही, तिथे आपल्या कारखान्यातल्या अनोळखी प्रोग्रॅमची काय कथा? त्यामुळे अँटीव्हायरसवरही आंधळा विश्वास नको आणि प्रोग्रॅमवरही नको, असे ठरवून मी तपासाला बसलो. त्याआधी मोडेमकडे जाणारी केबल काढून ठेवली, जेणेकरून खरेच काही असेल तर ते बाहेर बोलू शकणार नाही. दिवसभराचे आकडे जॉबरने वहीत लिहून ठेवावेत असे ठरले. त्याने ते आनंदाने मान्य केले. टॅब्लेटवर त्याचा मुळातच विश्वास नाही.

पहिली तपासणी हॅशची. कोणत्याही फाइलचा एसएचए-२५६ हॅश म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला चौसष्ट अक्षरांचा ठसा. फाइलमधला एक बाइट जरी बदलला तरी सगळा ठसा बदलतो. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ या आज्ञेने तो काढता येतो. पुण्याच्या मुलाला फोन करून त्याच्या संगणकावरच्या मूळ फाइलचा हॅश मागवला. इथे बरेच जण एक चूक करतात: ते पेनड्राइव्हवरच्या फाइलशी तुलना करतात आणि जुळले म्हणून निश्चिंत होतात. पण अँटीव्हायरसने पहाटे पकडलेली फाइल ती नव्हे, ती संगणकावर चार महिने बसलेली होती. सॅलिटीसारखे व्हायरस संगणकावरच्या चांगल्या ईएक्सई फाइलींना चिकटून त्या बदलतात, त्यामुळे मूळ प्रत निर्मळ आणि संगणकावरची प्रत बाधित असे होऊ शकते. नशिबाने अँटीव्हायरसच्या सविस्तर अहवालात पकडलेल्या फाइलचा हॅश दिलेला होता. नोटपॅडमध्ये दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवल्या आणि अक्षर न् अक्षर जुळले. म्हणजे पुण्यातून निघाल्यापासून फाइलला कोणी हात लावलेला नव्हता.

राहिला प्रश्न पुण्यातल्या संगणकाचा. त्यासाठी व्हायरसटोटल उपयोगी पडते. २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली आणि २०१२ मध्ये गूगलने घेतलेली ही सेवा एकच फाइल सत्तरच्या आसपास अँटीव्हायरस इंजिनांना दाखवते. पण तिथे फाइल चढवण्याआधी थांबावे, कारण चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना आणि पैसे भरणाऱ्या सभासदांना मिळू शकते. आमच्या प्रोग्रॅममध्ये डेटाबेसचा पासवर्ड आतच लिहून ठेवलेला होता. (यावरून त्या मुलाला मी जे बोललो ते इथे लिहीत नाही.) म्हणून आधी नुसता हॅश शोधला. अपेक्षेप्रमाणे काही सापडले नाही, कारण ही फाइल जगात एकाच कारखान्यात होती. मग त्याने पासवर्ड बाहेरच्या सेटिंग फाइलमध्ये काढून, बाकी सगळे जसेच्या तसे ठेवून, नवी फाइल बनवली आणि ती चढवली. चार इंजिनांनी तिला संशयित ठरवले, बाकीच्यांनी सोडून दिले. चारांपैकी एकानेही ठोस व्हायरसचे नाव घेतले नाही. सगळ्यांची नावे ‘जेनेरिक’, ‘संशयास्पद’ अशा थाटाची होती. डिफेंडरच्या नावांच्या शेवटी ‘एमएल’ अशी अक्षरे दिसली तर तोही निर्णय ओळखीच्या खुणेवरून न होता मशीन लर्निंगच्या अंदाजावरून झालेला असतो. चारातले दोन निकाल शब्दशः सारखे होते, त्याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. पुष्कळ कंपन्या दुसऱ्याचेच इंजिन भाड्याने वापरतात, त्यामुळे दोन मते म्हणजे दोन साक्षीदार असे समजू नये.

मग त्या मुलाकडून रिकाम्या प्रोग्रॅमचा प्रयोग करून घेतला, आणि माझ्या मते तोच निर्णायक ठरला. फक्त ‘नमस्कार’ एवढाच शब्द छापणारा दोन ओळींचा पायथन प्रोग्रॅम त्याने त्याच साधनाने, त्याच पद्धतीने ईएक्सईमध्ये बांधला. कारखान्यातल्या अँटीव्हायरसने तोही उचलला. त्याच रिकाम्या प्रोग्रॅमची दुसरी बांधणी त्याने ऑफिसच्या सहकाऱ्याच्या संगणकावर केली, तर तीही उचलली गेली. दोष आपल्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये नसून बांधणीच्या पेटीत आहे, हे तेव्हा अण्णांनाही पटले.

हे का होते, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण उपाय त्यातच आहे. पायथनचा प्रोग्रॅम विंडोजवर एकाच फाइलच्या रूपात देण्यासाठी ‘पायइन्स्टॉलर’ हे साधन सर्रास वापरतात. एकफाइली बांधणीत पुढे एक छोटा चालक असतो आणि त्यामागे सगळ्या लायब्ररी (प्रोग्रॅमला लागणाऱ्या पूरक फाइली) दाबून भरलेल्या असतात. फाइल चालवली की चालक ते गाठोडे तात्पुरत्या फोल्डरमध्ये सोडतो आणि तिथून खरा प्रोग्रॅम चालवतो. हा चालक या साधनाने बनवलेल्या बहुतेक सगळ्या प्रोग्रॅममध्ये सारखाच असतो, आणि दुर्दैवाने व्हायरस लिहिणाऱ्यांनाही हेच साधन आवडते. त्यामुळे चांगल्या-वाईट दोन्ही प्रोग्रॅमचा चेहरा एकच होतो. त्यात आमच्या प्रोग्रॅमच्या सवयी पाहा: फाइल कोणी बनवली हे सिद्ध करणारी डिजिटल सही तिच्यावर नाही, जगात कोणी तिला पूर्वी पाहिलेले नाही, संगणक चालू होताच ती आपोआप चालू होते, तात्पुरत्या फोल्डरमध्ये स्वतःला उलगडते आणि पोर्ट उघडून बाहेरच्या हाकेची वाट बघत बसते. ट्रोजनचे वर्णन करा म्हटले तर मीही याहून वेगळे काय सांगणार? सर्व्हर सॉफ्टवेअरचा धंदाच असा आहे की त्याचे वागणे संशयिताच्या वागण्याशी मिळते.

खोटा गजर आहे याची खात्री पटल्यावर दुपारी तीनच्या सुमारास मी त्या एकाच फाइलचा पूर्ण मार्ग अँटीव्हायरसच्या एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे तपासणीतून वगळण्याच्या यादीत, टाकला आणि क्वारंटाइनमधून फाइल परत आणली. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी परत आणाल आणि नंतर वगळाल, तर मधल्या पाच सेकंदांत ती पुन्हा आत जाते. सेवा सुरू केली, ‘चालू’ असे दिसले, मुनीमजींच्या चेहऱ्यावर हसू आले आणि अर्ध्या मिनिटात सेवा परत बंद पडली. कमांड विंडोतून प्रोग्रॅम हाताने चालवल्यावर खरा संदेश दिसला: पायथनची डीएलएल (लायब्ररीची फाइल) लोड होत नाही. मुख्य फाइल सुटली होती, पण तिने तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडलेल्या फाइलींपैकी एक अँटीव्हायरसने उचलली होती. प्रत्येक वेळी नव्या, यादृच्छिक नावाचा उपफोल्डर तयार होत असल्यामुळे त्याचा ठरलेला मार्गही देता येत नव्हता.

या वळणावर माणसे हमखास घसरतात. सोपा उपाय समोर असतो: संपूर्ण तात्पुरता, म्हणजे ‘टेम्प’ फोल्डर वगळून टाकणे. आमचा सर्व्हर सिस्टिमच्या खात्यावर चालत असल्याने तो विंडोजचाच टेम्प फोल्डर होता. ईमेलमधून, ब्राउझरमधून, पेनड्राइव्हमधून येणारा प्रत्येक घातक प्रोग्रॅम पहिले पाऊल बहुधा कुठल्यातरी टेम्प फोल्डरमध्येच टाकतो. तोच उघडा ठेवणे म्हणजे घराला कुलूप लावून परसदार उघडे टाकण्यासारखे आहे. संध्याकाळचे पाच वाजले होते, अण्णा दोनदा डोकावून गेले होते आणि मलाही मोह झाला नाही असे नाही. तरी मी ते केले नाही. मुनीमजींना सांगितले की उद्याचा पगार जॉबरच्या वहीवरून आणि गुरुवारपर्यंतच्या डेटाबेसवरून काढू. डेटाबेस शाबूत होता. त्याची प्रत माझ्या लॅपटॉपवर उघडून मी त्यांना आकडे छापून दिले. रात्री साडेनऊपर्यंत आम्ही दोघे कॅल्क्युलेटरवर बेरजा मारत होतो, मध्ये कडक भाकरी आणि शेंगाचटणी झाली, आणि शनिवारी पगार वेळेवर वाटला गेला.

रविवारी त्या मुलाने प्रोग्रॅमची बांधणी बदलली. एकफाइलीऐवजी फोल्डरच्या रूपात बांधले, म्हणजे लायब्ररी आधीच उलगडून ठेवलेल्या असतात आणि टेम्पची गरजच उरत नाही. फाइल लहान करण्यासाठी वापरलेले ‘यूपीएक्स’ हे दाबण्याचे साधन काढून टाकले, कारण त्यानेही संशय वाढतो. फाइलच्या माहितीत प्रोग्रॅमचे नाव, आवृत्ती आणि वर्णन भरले. डिजिटल सहीचा विचार झाला, पण १ जून २०२३ पासून अशा सहीची गुप्त किल्ली हार्डवेअर टोकनसारख्या सुरक्षित उपकरणातच ठेवण्याचा नियम असल्याने एका कारखान्यापुरत्या प्रोग्रॅमला तो खर्च आणि व्याप जड वाटला. ज्यांचे सॉफ्टवेअर दहा-वीस ठिकाणी चालते, त्यांनी मात्र सही घ्यावी असे माझे मत आहे. नव्या बांधणीला व्हायरसटोटलवर चारऐवजी एकाच इंजिनाचा आक्षेप राहिला, आणि तो एक नेमका आमच्याकडचा होता!

सोमवारी मांडणी पुन्हा केली. प्रोग्रॅम डी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला आणि डेटा दुसऱ्या. सर्व्हरसाठी कमी अधिकारांचे स्वतंत्र खाते केले. त्या खात्याला प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये फक्त वाचायची परवानगी दिली आणि लिहायची परवानगी डेटाच्या फोल्डरपुरतीच ठेवली. याचे कारण असे की मार्ग देऊन वगळलेल्या फाइलच्या जागी त्याच नावाची दुसरी फाइल कोणी ठेवली, तर तीही तपासणीविना सुटते. म्हणून त्या जागी लिहिण्याचा हक्कच कोणाकडे असू नये. डिफेंडर वापरणाऱ्यांसाठी आणखी एक बारकावा सांगतो, कारण यात मी स्वतः एकदा फसलो आहे. तिथे ‘प्रोसेस’ या प्रकारात एक्सक्लूजन टाकले, तर त्या प्रोसेसने उघडलेल्या फाइली तपासणीतून सुटतात, पण प्रोसेसची स्वतःची ईएक्सई सुटत नाही. तिच्यासाठी फाइलचे एक्सक्लूजन वेगळे टाकावे लागते. आणि संगणकावर ‘विंडोज सर्व्हर’ ही विंडोजची आवृत्ती असेल, तर दुसरा अँटीव्हायरस बसवल्याने डिफेंडर आपोआप बाजूला होत नाही, विंडोज १० किंवा ११ वर तो होतो. त्यामुळे सर्व्हरवर एकाने सोडलेली फाइल दुसऱ्याने पकडली, असा प्रकार घडू शकतो.

डेटाबेसच्या फाइली वगळाव्यात का, हा प्रश्न नेहमी येतो. एसक्यूएल सर्व्हरसारख्या मोठ्या डेटाबेससाठी ‘एमडीएफ’, ‘एलडीएफ’ अशा फाइली तपासणीतून वगळण्याचा सल्ला मायक्रोसॉफ्टच देते, कारण सतत उघड्या असलेल्या फाइलवर अँटीव्हायरसने हात टाकला की ती अडकते आणि सेवा सुरूच होत नाही किंवा फार मंद चालते. आमचा डेटाबेस छोटा असल्याने मी ते टाळले.

वगळल्यानंतर पहारा अजून जागा आहे ना, हे पाहायला ‘आयकार’ची चाचणी फाइल वापरतो. अडुसष्ट अक्षरांचा हा निरुपद्रवी मजकूर जवळपास सगळे अँटीव्हायरस ठरवून पकडतात. डेटाच्या फोल्डरमध्ये तो नोटपॅडने साठवला आणि साठवताक्षणी गायब झाला, तेव्हा अण्णांना म्हटले, “बघा, पहारेकरी जागा आहे.” अण्णा म्हणाले, “जागा आहे ते शुक्रवारीच कळालं की.”

त्याच दिवशी त्या मुलाने अँटीव्हायरस कंपनीच्या फॉर्मवरून फाइल खोटा गजर म्हणून पाठवली. अशा अर्जात नुसते ‘आमची फाइल चांगली आहे’ असे लिहून उपयोग होत नाही. आम्ही प्रोग्रॅम काय करतो, कोणत्या साधनाने बांधला आहे, कोणता पोर्ट का उघडतो, दोन ओळींच्या रिकाम्या प्रोग्रॅमवरही तोच आक्षेप येतो आणि कोणत्या व्याख्यांपासून हे सुरू झाले, एवढे सगळे लिहिले आणि रिकामा प्रोग्रॅमही सोबत जोडला. गुरुवारी दुपारी दोन ओळींचे उत्तर आले: फाइल निर्दोष आढळली, पुढील अपडेटमध्ये सुधारणा होईल.

सर्व्हरच्या कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर तारीख, काय वगळले, का वगळले, कोणी वगळले आणि कधी काढायचे असे पाच रकाने आहेत. शनिवारी नव्या व्याख्या उतरल्याची खात्री करून एक्सक्लूजन काढले, संगणक दोनदा बंद करून चालू केला, दुपारभर तिथेच बसून राहिलो. सेवा दोन्ही वेळा आपोआप उठली, शेडमधल्या टॅब्लेटवर कालचे आकडे दिसू लागले आणि कागदावरच्या शेवटच्या रकान्यात तारीख लिहून मी झाकण लावले. अँटीव्हायरसच्या सूचनाही चालू केल्या आहेत. जाहिराती दिसल्या तरी त्या बंद करायच्या नाहीत, असे ऑफिसातल्या मुलाला बजावले आहे.

जुलैमध्ये बोनसच्या हिशेबासाठी प्रोग्रॅमची नवी आवृत्ती येणार आहे. ती आली की हॅश बदलणार आणि कंपनीने या आवृत्तीला दिलेली सूट तिला लागू होईलच असे नाही, म्हणून कारखान्यात टाकण्याआधी आठ दिवस ती तपासणीसाठी पाठवायची, असे पुण्याच्या मुलाशी ठरवून ठेवले आहे.